रंगरावाचा गोटा

हे घडलेलं आहे. ज्याला पटत नसेल त्यानं इथंच थांबावं. पटवून द्यायला मी काही कोणाच्या पाया पडणार नाही.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. पांढरी साडी, मोकळे केस, उलटे पाय... यातलं काही नाही.

चैत्रातली भर दुपार होती. ऊन असं, की रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं.

जागा म्हणाल तर जळगाव जामोदच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याला, नदीकाठची एक बाग. गावाचं नाव सांगत नाही, नदीचंही नाही. सांगितलं तर उद्या मोबाईल घेऊन रील काढायला धावाल. ज्यांचं दुखणं आहे ती माणसं अजून तिथंच राहतात.

बाग म्हणजे गुलाब-मोगरा नव्हे. नुसता काळा दगड. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथं जमीन फाटली, आतला तापलेला रस वाहत आला, थरावर थर बसले आणि थंड होताना तडकले. त्याचे सहा-सहा कोनांचे उभे खांब झाले. वाटतं कोणी छिन्नी घेऊन घडवलेत. नदीनं पुढं त्याच दगडात रांजणाएवढे खड्डे कोरले. हे सगळं आपल्याला फुकट मिळालेलं.

त्यात माणसानं काय भर घातली? सिमेंटचा मोर. सिमेंटचं हरीण. आणि कचरा टाकायला चोच उघडून उभा असलेला पेंग्विन. पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात पेंग्विन!

आणि गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर एक पायवाट. नदीचा डोह आटला, तसे ठेकेदारानं तळातले गोल गुळगुळीत गोटे ट्रॅक्टरनं उचलून आणले आणि सिमेंटात बसवायला घेतले. गावात कोणी हूं केलं नाही. दिसायला वाट छान झाली.

या बागेचा राखणदार होता रंगराव.

बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एकच मुलगी, प्रतीक्षा. ती जळगाव जामोदला एका शाळेत क्लार्क, खोली करून राहायची. वय चौतीस, लग्न नाही. तिला करायचं नव्हतं. हे एवढं साधं वाक्य गावाला आजवर समजलेलं नाही.

रंगराव बागेतल्याच एका खोलीत राहायचा. संध्याकाळी बाग बंद करायची वेळ झाली की काठी घेऊन निघायचा. काठीला खाली लोखंडी टोक. त्या काळ्या खांबांवर मारलं की दगड घंटेसारखा वाजतो. रंगरावाची मारायची पद्धत ठरलेली. दोन टोले, जरा थांबून एक.

टण् टण्... टण्.

"चला बाप्पा, घरी चला! गोटे काई पळून नाई जात!"

लोक हसत हसत बाहेर पडायचे. मग तो रोज प्रतीक्षाला फोन लावायचा.

"जेवली का माय?"

"हो बाबा. तुम्ही एकटे असता तिकडं. या ना इकडं राहायला."

"एकटा काऊन? एवढे गोटे हायेत ना सोबतीले."

दोघंही हसायचे. फोन ठेवला की दोघंही गप्प बसायचे... ती तिच्या खोलीत, तो त्याच्या.

होळी झाल्यावर एका दुपारी रंगराव जेवून आडवा झाला, तो उठलाच नाही. गेटवर तिकीट फाडणारी धम्मशीला चहा घेऊन गेली, तेव्हा कळलं.

बागेच्या कुंपणाला लागूनच घाट आहे. तिथंच जाळलं. अग्नी दिला पुतण्यानं, सागरनं. तो रंगरावाला मोठेबाबा म्हणायचा. प्रतीक्षा म्हणाली, मी देते. तर भावकीतले सगळ्यात मोठे भाऊराव म्हणाले, "आपल्यात पोरीबाळी घाटावर येत नाई, माय." सख्खी लेक घरात कोंडली आणि ज्यानं काकाची कधी विचारपूसही केली नव्हती त्याच्या खांद्यावर मडकं दिलं. याला म्हणे रीत.

आता हे नीट वाचा, कारण सगळं यावरच आहे.

सरणाभोवती फिरताना खांद्यावरच्या मडक्याला एका गोट्यानं भोकं पाडतात. त्या गोट्याला म्हणायचं जीवखडा. मेलेल्या माणसाचा जीव दहा दिवस त्या गोट्याला धरून असतो, असं आपल्याकडे मानतात. गोटा फडक्यात बांधून झाडाच्या बेचक्यात ठेवायचा. त्याला रोज पाणी घालायचं. दहाव्याला पिंडापुढं मांडायचा. कावळा शिवला की डोहात सोडायचा. जीव मोकळा.

दहाव्याला प्रतीक्षा कोणाचं न ऐकता घाटावर गेली.

पिंड मांडले. बाजूला नव्या पांढऱ्या फडक्यावर गोटा. सगळे मागं सरले.

कावळा येईना.

एरवी या बागेत कावळे काय कमी? रंगराव त्यांना हातानं भाकरी द्यायचा. त्याच्या काठीवर येऊन बसायचे. आणि आज घाटावर एकही नव्हता.

होते सगळे... पण नदीच्या पलीकडं, अर्जुनाच्या झाडावर. ओळीनं. एकाचाही आवाज नाही. तोंडं पिंडाकडं नव्हती. बागेकडं होती.

भाऊरावांनी हात जोडले. "रंगराव, पोरीची काळजी करू नको! औंदा तिचे हात पिवळे करतो!"

कावळे हलले नाहीत.

"जमिनीचं बोला ना, भाऊराव," मागून कोणी म्हणालं, "जमिनीत जीव अडकला असन."

"कोणती जमीन बे? त्याच्यापाशी एक सायकल होती."

"मंग सायकल सागरले देतो म्हणा!"

दोघं-तिघं हसले. मेलेल्याच्या पिंडापुढं!

सागर मात्र हसला नाही. मान खाली घालून उभा होता. पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरत होता.

शेवटी प्रतीक्षा पुढं झाली. "बाबा, मी नीट राहीन. रोज जेवेन. तुम्ही जा आता."

पलीकडं एका कावळ्यानं नुसते पंख झाडले... आणि परत बसला.

ऊन डोक्यावर आलं. सगळ्यांना जेवणाची घाई. भाऊरावांनी दर्भाचा कावळा करायला सांगितला, तो पिंडाला लावला, गोटा डोहातल्या उरल्यासुरल्या पाण्यात टाकला. झालं. पंगतीला चला.

प्रतीक्षा गेली नाही. ती वडिलांच्या खोलीच्या ओट्यावर जाऊन बसली.

बागेत कोणी नव्हतं. वारा नव्हता. खांबांच्या सावल्या पायाशी गोळा झालेल्या.

आणि मग...

टण्.

एकच टोला. लांबून कुठून तरी.

तिला वाटलं पायवाटेवर मजूर असतील. मग आठवलं, दहाव्यासाठी आज काम बंद ठेवलं होतं.

टण्...

दगडावर दगड आपटावा तसा आवाज. पण वरून येत नव्हता. खालून येत होता. जमिनीतून.

ती उठली तसा तो थांबला.

पुढच्या रविवारी ती परत आली. दुपारची एस.टी. पकडून. का आली, हे तिलाही सांगता आलं नसतं. माणूस गेलं की त्याच्या जागेपाशी जाऊन बसावंसं वाटतं, एवढंच.

गेटवर धम्मशीला होती. तिकिटाची खुर्ची तिनं पार रस्त्याच्या बाजूला सरकवली होती. बागेकडं पाठ.

"खुर्ची इथं कशाला आणली, धम्मशीलाताई?"

"वारा लागते इथी."

वाऱ्याचं नाव नव्हतं. झाडाचं पान हलत नव्हतं.

"तुम्हाला काही ऐकू येतं का?"

धम्मशीलानं तिकिटांचा गठ्ठा नीट केला. मग म्हणाली, "हे पाहा ताई, आमच्यात पिंडगिंड नाई. भूत मी मानत नाई. माह्या पोरीले बी मानू देत नाई."

"मी भुताचं नाही विचारलं."

"मंग ऐका. रंगरावभाऊ होते तवा बागेत चिमण्या, साळुंक्या, कावळे... कलकलाट राहे. आता एक पाखरू नाई आत. वरून उडतात, पण उतरत नाईत. मी काई मानत नाई, ताई. पण पाखरायले कोणं सांगतलं?"

प्रतीक्षा आत गेली. ओट्यावर बसली. खोलीत वडिलांचा तांब्या, चटई, कोपऱ्यात काठी. सगळं तसंच.

टण्.

आज आवाज जवळचा होता.

"बाबा?"

टण्...

भीती वाटायला हवी होती. तिला रडू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या हाकेला कोणीतरी काहीतरी म्हटलं होतं.

तेवढ्यात समोर सागर येऊन उभा राहिला. चेहरा पडलेला. दाढी वाढलेली.

"ताई... तुमाले एक सांगाचं होतं."

"सांग."

"दहाव्याचा गोटा... तो मोठेबाबाचा नोता."

तिला आधी कळलंच नाही. सागर ओट्याच्या खाली उकिडवा बसला, एकेक शब्द ओढून काढल्यासारखा बोलला.

"घाटावरून आलो, तवा जीवखडा हातात होता. फडकं शोधाले खोलीत आलो. तितक्यात फोन आला. गोटा इथंच, या ओट्यावर ठेवला... बोलता बोलता निघून गेलो. संध्याकाळी ध्यानात आलं. पाहतो तं ओटा झाडलेला. लेबर म्हणे, सुटे गोटे होते ते सगळे सिमेंटात टाकले."

"कुठं?"

सागरनं पायवाटेकडं बोट केलं.

"आणि दहाव्याला?"

"त्याच रात्री नदीतला एक उचलला होता. नवीन फडकं बांधलं. रोज त्यालेच पाणी घातलं. मले वाटलं, कोणाले काय समजते... गोटाच तं होता, ताई."

प्रतीक्षानं त्याच्या कानाखाली वाजवली. सगळी ताकद लावून.

चांगलं केलं. मी असतो तर आणखी एक दिली असती.

गाल धरून सागर रडायला लागला. "मले झोप नाई, ताई. घरी बी ऐकू येते. फरशीखालून."

"कसा होता गोटा?"

"अंड्याएवढा. काळा. एका अंगानं पांढरा डोळा."

विचार करा. एक गोटा हरवलाय. आणि तो शोधायचाय दगडांच्या बागेत!

ती खोलीत गेली. कोपऱ्यातली काठी घेतली. पायवाटेच्या तोंडाशी उभी राहिली. वाट गेटपासून निघून खांबांच्या कडेनं वळत वळत पार रांजणखड्ड्यांपर्यंत जाते. हजारो गोटे. सिमेंटात अर्धे बुडालेले, अर्धे वर. गर्दीत माना वर काढून बघणाऱ्या माणसांसारखे.

तिनं काठीचं टोक खांबावर मारलं. वडील मारायचे तसं.

टण् टण्... टण्.

काही नाही.

पुन्हा मारलं.

टण् टण्... टण्.

सागरनं श्वास धरला होता. नदीच्या पात्रातून ऊन वर येत होतं.

आणि वाटेच्या पुढच्या वळणावरून...

टण् टण्... टण्.

तेच. दोन, जरा थांबून एक.

"मोठेबाबा..." सागर मटकन खाली बसला.

प्रतीक्षा चालू लागली. थोडं गेली की थांबायची, मारायची, ऐकायची. उत्तर यायचं. कधी पुढून. कधी डावीकडून. एकदा तर पाठीमागून आलं... ती वळली. कोणी नव्हतं. तिला वाटलं, दगडात आवाज घुमतो, त्यामुळं असेल.

तसं वाटायला नको होतं.

रांजणखड्ड्यांच्या अलीकडं, खांबांच्या सावलीत, उत्तर अगदी तिच्या पायाखालून आलं.

ती गुडघ्यावर बसली. हातानं माती पुसली. अंड्याएवढा, काळा. एका अंगाला पांढरा डोळा.

"पहार आण!"

सिमेंट कच्चं होतं. ठेकेदाराचं कामच ते. चार घावांत तुटलं. गोटा तिच्या हातात आला.

गरम होता.

सावलीतला दगड. हात ठेवून पाहा, थंड असतो. हा तापलेल्या कपाळासारखा गरम होता.

तिनं तो छातीशी धरला. किती वेळ, कोण जाणे. सागर लांब उभा राहिला. उन्हं कलली.

मग ती डोहाकडं गेली. डोह कसला, ट्रॅक्टरच्या चाकांच्या चाकोऱ्या पडलेला खड्डा, मधोमध कमरेएवढं पाणी. ती साडीसकट त्यात उतरली. म्हणाली, "बाबा, जा. माझं मी बघते." आणि हात उघडला.

गोटा गेला.

अर्जुनाच्या झाडावर एक कावळा ओरडला.

सागर तिथल्या तिथं पाया पडला. "सुटले, ताई. सुटले मोठेबाबा."

प्रतीक्षाला हलकं वाटलं. आणि लगेच एवढं रिकामं वाटलं, की तिला पाण्यातून बाहेर यायचीच इच्छा होईना. आता जमिनीवर कोणी तिला 'जेवली का माय' म्हणणारं नव्हतं. खालीही कोणी नव्हतं.

बाग बंद करायची वेळ झाली होती. धम्मशीला किल्ल्या घेऊन गेटपाशी उभी. दोघं त्याच वाटेनं परत आले, ती ओल्या पावलांनी. गेटजवळ शेवटचा काळा खांब आहे. प्रतीक्षा थांबली. निरोपाचं म्हणून तिनं काठी उचलली.

टण् टण्... टण्.

"चला बाप्पा," ती हळूच म्हणाली, "घरी चला."

आणि मग...

टण् टण्... टण्.

वाटेतून. पेंग्विनच्या जवळून.

सागरचं तोंड उघडंच राहिलं.

टण् टण्... टण्. वळणावरून.

टण् टण्... टण्. त्याच्याही पलीकडून.

मग दोन ठिकाणांहून एकदम. मग दहा. मग पार रांजणखड्ड्यांपासून गेटपर्यंत सगळी वाट... जिवाच्या आकांतानं. एकमेकांच्या आवाजावर आवाज. प्रत्येक गोटा आपला आपण, वेगळा. शेजारच्याशी संबंध नसल्यासारखा.

धम्मशीलाच्या हातातून किल्ल्या पडल्या. या वेळी तिनंही ऐकलं होतं. सागर गेटच्या बाहेर पळाला तो थेट रस्त्यावर.

"ताई," धम्मशीला म्हणाली. "हे गोटे... हे डोहातलेच ना?"

प्रतीक्षाला तेव्हा कळलं.

ज्या डोहात तिनं आत्ता गोटा सोडला, त्याच डोहात गावानं पिढ्यान्‌पिढ्या आपले जीवखडे सोडले होते. बाप, आई, आजे, पणजे, पाळण्यातच गेलेली लेकरं. आपण पाण्यात सोडलं की गेलं, असं आपल्याला वाटतं. दगड कुठं जातो? तळाशी बसतो. वाट बघत बसतो, पूर येईल, नेईल कधीतरी. ते सगळे ठेकेदारानं ट्रॅक्टरनं उपसले आणि सिमेंटात चिणले. आणि ज्यांनी ते स्वतःच्या हातानं सोडले होते, त्यांच्यातल्या एकालाही आठवलं नाही की या डोहात काय आहे. उलट पुढं उद्घाटन झालं तेव्हा पेढे खाल्ले! आपापल्या बापाच्या अंगावरून चपला घालून चालत गेले, आणि म्हणाले, वाट मस्त झाली.

प्रतीक्षानं खाली पाहिलं. तिच्या पायाजवळ एक गोटा होता. काळा. अंड्याएवढा.

एका अंगाला पांढरा डोळा.

त्याच्या पुढं अजून एक. आणि तिकडं अजून एक...

तिनं काठी अलगद खाली ठेवली. कारण दुसरीही गोष्ट तिच्या ध्यानात आली होती.

पहिल्या दुपारी आवाज आला तो एकच टोला होता. टण्. कोणाचाही असेल. दोन आणि एक... ते तर तिनं आज काठी मारून दाखवलं, त्यानंतर आलं. तिनंच त्यांना शिकवलं होतं. आणि इतकी वर्षं कोणी हाकही न मारलेल्या त्या सगळ्यांनी ते उचललं होतं.

मग पाण्यात तिनं सोडलं कोणाला?

आज या गोष्टीला वर्ष होत आलंय. भाऊरावांना सांगितलं तर म्हणाले, "पोरीचं डोकं फिरलं. लग्न न केल्यानं होते असं." ग्रामपंचायतीत अर्ज केला, हसले. सागरनं गाव सोडलं. बागेत नवीन राखणदार आलाय, तो शिट्टी मारतो. धम्मशीला अजून गेटवर आहे, भूत अजूनही मानत नाही. पण आत झाडायला जाते तेव्हा वाटेवरून जात नाही. चपला हातात घेऊन कडेच्या गवतातून जाते. मी विचारलं, काऊन? तर म्हणाली, "गवत थंड राह्यते पायाले."

मी स्वतः जाऊन आलो. दुपारीच. काही ऐकू आलं नाही, खोटं कशाला सांगू. पण मीही गवतातूनच चाललो.

प्रतीक्षा दर रविवारी येते. पिशवीत छोटी पहार असते. पांढरा डोळा असलेला एखादा गोटा काढते, डोहात नेऊन सोडते. ज्याचा असेल त्याचा. ठेकेदाराचा माणूस ओरडतो, वाट कोण खराब करतंय म्हणून. ती त्याच्याकडं बघतही नाही.

मग बंद व्हायच्या वेळेपर्यंत ओट्यावर बसते. वडिलांची काठी मांडीवर असते.

पण ती वाजवत नाही.

वाजवली तर सगळेच उत्तर देतात... आणि तिला एकाचंच हवं आहे.